समुद्री कायदा शिकायला परदेशात, तेही शिष्यवृत्तीवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोकणातली. वडील बोटीवर सारंग होते. मी वकील झाले आणि पुढे माल्टाला जाऊन आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यात एलएलएम केलं. परतल्यापासून कायद्याचे विद्यार्थी, त्यांचे आईवडील आणि मर्चंट नेव्हीतली मुलं तेच तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शिष्यवृत्त्यांच्या अटी दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचावीच लागेल.

समुद्री कायदा म्हणजे नौदलाचा कायदा का?

नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर सविस्तर देते.

या विषयाच्या दोन बाजू आहेत. पहिली देशादेशांमधली: समुद्र कुणाचा, किती अंतरापर्यंत आणि कशासाठी. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हा देशाचा प्रादेशिक समुद्र. २०० मैलांपर्यंतच्या पट्ट्यात मासे, तेल, वायू यांवर त्या देशाचा हक्क, पण परक्या जहाजांना तिथून जायची मोकळीक. हे नियम १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा करारात आहेत आणि भारताने तो १९९५ मध्ये स्वीकारला. एनरिका लेक्सी प्रकरण आठवत असेल. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून साधारण २० मैलांवर इटलीच्या जहाजावरच्या नौसैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि आपले दोन मच्छीमार मारले गेले. म्हणजे घटना १२ मैलांच्या बाहेरची आणि २०० मैलांच्या आतली. खटला कुठे चालवायचा यावरच वर्षं गेली. २०२० मध्ये लवादाने सांगितलं की नौसैनिकांवर भारतात खटला चालणार नाही, पण इटलीने भरपाई द्यावी. १० कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथली प्रकरणं बंद केली.

दुसरी बाजू जहाजाच्या धंद्याची: माल, भाडं, टक्कर, विमा, खलाशांचा पगार, तेलगळती, जहाजाची अटक. हो, जहाजाला अटक होते. मालक सापडत नसला तरी जहाज बंदरात सापडतं, म्हणून दावा थेट जहाजावर लावता येतो. यातला भारतातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल गोव्यातून सुरू होतो. फेब्रुवारी १९८४ मध्ये एम. व्ही. एलिझाबेथ हे जहाज मुरगाव बंदरातून बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) न देताच माल घेऊन निघून गेलं. खरेदीदाराने पैसे दिलेले नसताना माल पलीकडे उतरवलाही गेला. तेच जहाज पुढे विशाखापट्टणमला आलं आणि तिथे त्याला अटक झाली. परदेशी मालकाचं म्हणणं असं की १८६१ च्या इंग्रजी कायद्यात बाहेर जाणाऱ्या मालाचा उल्लेख नाही, तेव्हा इथल्या उच्च न्यायालयाला अधिकारच नाही. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. स्वतंत्र देशाची न्यायालयं जुन्या वसाहतीच्या कायद्यात अडकून पडणार नाहीत, असा त्या निकालाचा गाभा आहे. तरीही आपला स्वतःचा ॲडमिरल्टी कायदा, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा कायदा, व्हायला २०१७ साल उजाडलं.

हे भारतात राहून शिकता येत नाही का?

येतं. मूलभूत शिक्षण इथे घ्या, असंच मी म्हणेन. पण जहाज भाड्याने देण्याघेण्याच्या बऱ्याचशा करारांत इंग्लंडचा कायदा आणि लंडनमधला लवाद ठरलेला असतो, आणि जहाजवाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं मुख्यालयही लंडनला आहे. बाहेर जाण्याचा खरा फायदा वर्गात कळतो. एकाच टेबलाभोवती घाना, फिलिपिन्स, पेरू आणि बांगलादेशाचे लोक बसतात आणि एकच करार प्रत्येकाच्या देशात वेगळा कसा लागू होतो ते सांगतात. हे पुस्तकातून मिळत नाही.

नेमकं कुठे जावं?

तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे.

सरकारी बाजूला, कायदे लिहिण्याच्या कामात, बंदर किंवा नौवहन खात्यात जायचं असेल तर माल्टा. तिथली आंतरराष्ट्रीय सागरी कायदा संस्था १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आणि माल्टा सरकार यांच्या करारातून उभी राहिली. ती माल्टा विद्यापीठाच्या आवारात आहे. त्या वेळी संघटनेचे महासचिव भारतीय होते, चंद्रिका प्रसाद श्रीवास्तव. ते त्याआधी मुंबईत शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे प्रमुख होते. स्वीडनमधल्या माल्मो शहरातलं जागतिक सागरी विद्यापीठही त्यांच्याच काळात, १९८३ मध्ये सुरू झालं. गरीब आणि विकसनशील देशांना आपले कायदे स्वतः लिहिता यावेत, आपली बंदरं स्वतः सांभाळता यावीत, हा दोन्हींमागचा विचार. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि आपल्याकडे ती फार कमी जणांना माहीत आहे.

माल्टाचं आणखी एक नातं आहे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे राजदूत आर्व्हिद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत भाषण केलं आणि खोल समुद्राचा तळ ही सगळ्या मानवजातीची सामाईक ठेव मानावी, अशी मागणी केली. १९८२ चा करार ज्या वाटाघाटींतून आला, त्यांची सुरुवात तिथे झाली.

वकिली करायची असेल, जहाजमालक किंवा विमा कंपन्यांसाठी काम करायचं असेल, तर इंग्लंड आणि वेल्स: साउथॅम्प्टन, स्वॉन्सी, लंडनमधली विद्यापीठं. ऑस्लोत नॉर्डिक सागरी कायदा संस्था आहे, १९६३ पासूनची. तिथे पूर्वी परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क नव्हतं, पण २०२३ पासून युरोपबाहेरच्यांना भरावं लागतं. जुनी माहिती वाचून बेत आखू नका. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचं टुलेन. आशियात सिंगापूर, आणि लवादाचं काम तिकडे वाढत असल्याने त्याचा विचार जरूर करा.

शिष्यवृत्ती कोण देतं?

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

माल्टा आणि माल्मो इथल्या संस्थांना वेगवेगळ्या देशांची सरकारं आणि संस्था पैसे देतात. त्यातलं मोठं नाव जपानच्या निप्पॉन फाउंडेशनचं. माल्मोत त्यांच्या पैशांतून शिकणाऱ्यांना सासाकावा फेलो म्हणतात. अशा शिष्यवृत्तीत साधारणपणे शुल्क, राहणं आणि खर्चाला महिन्याची रक्कम येते.

इंग्लंडसाठी ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पूर्ण खर्च मिळतो, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे एलएलबी झाल्या झाल्या ही मिळत नाही. ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काढलेले दिवस अनुभवात कसे मोजायचे, हे नियम वाचून आधीच ठरवा आणि तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

महाराष्ट्र शासनाच्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा समाजासाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती, आणि इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या खात्यांच्या योजना. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. त्या परंपरेतला पैसा आहे हा, आणि तो मागायला कुणी संकोचू नये.

पण एक खाचखळगा. या सरकारी योजनांत बहुतेक वेळा विद्यापीठ जागतिक क्रमवारीत अमुक क्रमांकाच्या आत असावं अशी अट असते. क्रमवारी मोठ्या, सगळे विषय शिकवणाऱ्या विद्यापीठांची होते. माल्टा आणि माल्मोच्या संस्था एकाच विषयाच्या, त्यामुळे जगात नाव असूनही त्या यादीत दिसत नाहीत. एका मुलाने माल्टाचं प्रवेशपत्र हातात आल्यावर राज्याच्या योजनेकडे अर्ज केला आणि मग हे कळलं. वर्ष गेलं त्याचं. म्हणून सरकारी योजनेवर जायचं असेल तर आधी यादी उघडा, मग विद्यापीठ निवडा. सागरी कायदा शिकवणारी सगळी ब्रिटिश विद्यापीठंही त्या मर्यादेत बसत नाहीत.

उरल्या मुंबईतल्या खासगी संस्था: १८९२ पासूनची जे. एन. टाटा एंडोमेंट, के. सी. महिंद्रा, नरोत्तम सेखसरिया. यांचा पैसा मुख्यतः कर्जाऊ शिष्यवृत्तीचा असतो, म्हणजे तो परत करायचा असतो. घरी सांगताना 'स्कॉलरशिप मिळाली' एवढंच सांगू नका. कर्ज आहे हे आईवडिलांना पहिल्याच दिवशी कळू दे.

मी सरकारी नोकरीत नाही. मग माल्टाचं दार बंद?

बंद नाही, जड आहे. पुरस्कृत जागांसाठी सरकारी खात्यांतून, बंदर प्राधिकरणांतून किंवा तटरक्षक दलातून आलेल्या उमेदवारांकडे कल असतो. कारण पैसा देणाऱ्याला तुम्ही परत जाऊन त्या देशाच्या कायद्यावर काम कराल याची खात्री हवी असते. खासगी वकिलाने ही खात्री आपल्या कामातून दाखवावी लागते: मच्छीमार संस्थेसाठी चालवलेलं प्रकरण, खलाशांच्या पगाराचा दावा, समुद्रकिनाऱ्याशी जोडलेली जनहित याचिका. स्वखर्चाने येणारेही असतात.

मी वकील नाही, डेक ऑफिसर आहे. चालेल?

चालेल, आणि तुमची गरज आहे. माल्मोत बोटीवरचा अनुभव असलेले पुष्कळ असतात. माल्टातही वकील नसलेल्यांसाठी वेगळी पदव्युत्तर पदवी आहे. तुमची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, जिला आपली जुनी मंडळी 'नळी' म्हणायची, तिच्यावरचे शिक्के हे तुमचं सगळ्यात भक्कम कागदपत्र. टक्कर कशी होते हे मला निकालांतून शिकावं लागलं. तुम्ही ब्रिजवर उभे राहिलेले असता.

शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. इंग्रजी जमेल का?

माझंही दहावीपर्यंत मराठीतूनच झालं. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा तयारीने निघते. अडतं ते दुसरीकडे: कायद्याच्या इंग्रजीत 'शॅल' आणि 'मे' यांत सबंध खटल्याचा फरक असतो. यावर उपाय एकच, निकाल मोठ्याने वाचणं. रोज दहा पानं, सहा महिने. मी घाट उतरताना एसटीत वाचायचे. एम. व्ही. एलिझाबेथचा निकाल घेऊन सुरुवात करा. लांब आहे, पण सागरी कायद्याचा इतिहास त्यातच मिळतो.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये काय लिहू?

माझा पहिला अर्ज नाकारला गेला. त्यात मी लिहिलं होतं की लहानपणापासून समुद्राची ओढ आहे, वडील जहाजावर होते, म्हणून हा विषय. सगळं खरं होतं. पण निवडणाऱ्याला त्यातून मी परत येऊन काय करणार हे कळत नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी बुडालेल्या आणि किनाऱ्याला लागलेल्या जहाजांबद्दल लिहिलं. २०११ च्या पावसाळ्यात विझडम आणि पवित ही दोन जहाजं एकापाठोपाठ जुहूच्या वाळूत रुतली. त्याच ऑगस्टमध्ये रॅक कॅरियर मुंबईजवळ बुडालं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार रत्नागिरीला मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन आदळलं आणि वादळ गेल्यावरही वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं. मिऱ्याच्या माणसाला पडणारा प्रश्न साधा होता: हे उचलायचं कुणी, आणि पैसे कुणी द्यायचे? त्याचं उत्तर देणारा करार आहे. २००७ मध्ये नैरोबीत झाला, २०१५ मध्ये अंमलात आला. जबाबदारी नोंदणीकृत मालकाची, ३०० टनांवरच्या जहाजांना विमा सक्तीचा आणि मालक पळाला तर थेट विमा कंपनीवर दावा. भारताने तो २०११ मध्येच स्वीकारला होता. पण करार स्वीकारणं वेगळं आणि त्याचा कायदा करणं वेगळं. हे अंतर मला भरायचं आहे, असं मी लिहिलं.

तुमचा प्रश्न वेगळा असेल. पर्ससीन (मोठ्या वेढा जाळ्यांनी मासे धरणारे) आणि पारंपरिक मच्छीमारांचा वाद असेल, वाढवण बंदर असेल, गोव्यातल्या तारवटींचं, म्हणजे खलाशांचं, पेन्शन असेल. पण प्रश्न एक असू दे, त्याला गाव असू दे, आणि त्यावरचा कुठला करार किंवा कलम तुम्हाला शिकायचंय ते नावाने लिहा. ओढ सगळ्यांनाच असते.

शिफारसपत्रं कुणाची घेऊ?

ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्यांची. मोठ्या पदावरच्या अनोळखी माणसाचं दोन ओळींचं पत्र निरुपयोगी. ज्या वकिलांनी तुमचा दाव्याचा मसुदा तीनदा परत पाठवला, त्यांचं घ्या.

तयारी कधीपासून करावी?

जायच्या आधी दीड वर्षापासून. बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. चेव्हनिंगचे अर्ज त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास उघडतात. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) मिळायला वेळ लागतो, तेव्हा ते काम आधी उरका. पासपोर्टवर आणि गुणपत्रिकेवर नाव एकसारखं आहे का, तेही बघा. आडनाव आधी की नंतर एवढ्यावरून माझे तीन आठवडे गेले.

अभ्यास किती जड असतो?

जड असतो. माल्टात सगळं एका शैक्षणिक वर्षात बसवलेलं आहे: समुद्राचा कायदा, जहाजवाहतुकीचा कायदा, प्रदूषण, सुरक्षा. शिवाय प्रबंध. पण त्या संस्थेचं खरं वैशिष्ट्य म्हणजे कायद्याचा मसुदा. प्रत्येकाने एक आंतरराष्ट्रीय करार घ्यायचा आणि तो आपल्या देशात लागू करणारा कायदा कलमावार लिहायचा. व्याख्या, अधिकारी कोण, दंड किती, अपील कुठे. निबंध लिहिताना शब्दांत लपता येतं. कलम लिहिताना येत नाही. माझ्या मसुद्यात मी 'सक्षम अधिकारी' असं लिहिलं होतं आणि शिक्षकांनी विचारलं, 'म्हणजे कोण? पहाटे तीन वाजता फोन कुणाला करायचा?' रत्नागिरीत तो फोन बंदर अधिकाऱ्याला, तटरक्षकांना की जिल्हाधिकाऱ्यांना, हे मला सांगता आलं नाही. पुढचे दोन आठवडे मी तेवढंच शोधत होते.

तिथे राहणं, जेवण?

माल्टा लहान आहे, पाचेक लाख वस्तीचं. सगळीकडे इंग्रजी चालतं. उन्हाळा आपल्याला झेपतो. हिवाळा मात्र फसवा. थर्मामीटर फार उतरत नाही, पण दगडी घरं आतून ओली गार असतात, तेव्हा रजई आणि लोकरीचे मोजे न्याच. शाकाहारींना वाटाण्याचं सारण भरलेली पास्तिझी स्वस्तात मिळते आणि पोट भरते. मासे खाणाऱ्याला काळजी नाही, फक्त कोकम आणि तिरफळं सोबत न्या.

मुलीला एकटीला इतक्या लांब पाठवायचं?

आईंनो, माल्टातल्या संस्थेत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या असतात. माझ्या वर्गात दोन मुलांच्या आया होत्या, नौदल अधिकारी होत्या, न्यायाधीश होत्या. हॅम्बर्गला समुद्र कायद्याचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण आहे, तिथे २०१७ मध्ये नीरू चढ्ढा निवडून आल्या, तिथल्या पहिल्या भारतीय महिला न्यायाधीश. पाठवा.

परत यावंच लागतं का? आल्यावर काम मिळतं का?

चेव्हनिंगमध्ये दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे. इतर योजनांचे करारनामे सही करण्याआधी वाचा.

काम आहे. नौवहन महासंचालनालय मुंबईत, न्हावाशेवा पलीकडच्या किनाऱ्याला, बॅलार्ड इस्टेटमध्ये जहाज कंपन्यांची कार्यालयं, मुंबई उच्च न्यायालयात ॲडमिरल्टीचे दावे. त्यात २०२५ मध्ये संसदेने बिल ऑफ लेडिंग, समुद्री मालवाहतूक आणि व्यापारी नौवहन या तिन्हींचे नवे कायदे केले. त्यातला पहिला १८५६ च्या कायद्याच्या जागी आला. नवीन कायद्यावर जुने निकाल नसतात, प्रत्येक कलमाचा अर्थ नव्याने मांडावा लागतो. आत्ता शिकून येणाऱ्याला ही फार चांगली वेळ आहे. सुरुवातीचा पगार मात्र मोठ्या कॉर्पोरेट फर्मइतका नसतो, हे धरून चला.

माझा भाऊ जहाजावर अडकलाय, तीन महिने पगार नाही. हा प्रश्न इथे विचारू का?

विचारा. शिष्यवृत्तीपेक्षा हाच प्रश्न मला जास्त येतो. माझे वडील एकदा परदेशी बंदरात असेच अडकले होते. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, एजंट मुंबईचा आणि फोन कुणीच उचलत नव्हतं. तेव्हा आम्हाला विचारायला कुणी नव्हतं.

दोन महिने पगार थकला आणि मालकाने हात वर केले की सागरी कामगार कराराप्रमाणे ते खलाशांना वाऱ्यावर सोडणं ठरतं. भारताने तो करार २०१५ मध्ये स्वीकारला. अशा वेळेसाठी जहाजाकडे विम्याचं प्रमाणपत्र असावं लागतं आणि ते जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. भावाला सांगा, त्याचा फोटो काढून पाठव. त्यावर विमा देणाऱ्याचं नाव आणि संपर्क असतो. चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी, औषधं आणि घरी परतण्याचा खर्च त्यातून मिळतो. सोबत कराराची प्रत, पगाराच्या पावत्या आणि सीडीसीची पानं घ्या. तक्रार नौवहन महासंचालनालयाकडे लेखी द्या आणि खलाशांच्या युनियनलाही कळवा. जहाज भारतीय बंदरात असेल तर पगारासाठी ते अटकवता येतं. २०१७ च्या कायद्यात सागरी धारणाधिकारांच्या, म्हणजे थेट जहाजावर चढणाऱ्या हक्कांच्या, क्रमात खलाशाचा पगार पहिला आहे. आणि पैसे हातात येईपर्यंत भावाने 'सगळा हिशोब मिळाला' अशा कुठल्याही कागदावर सही करू नये.